पेटीतून काढलेलं नाव

सून : विषय बदलू नका, आई. मी साधं विचारलंय. पेटीतल्या प्रोग्राममधलं नाव कोणी काढलं?

सासू : विषय मी कुठे बदलतेय? मी लोकर गुंडाळतेय. तूच सकाळपासून त्या पडद्यात डोकं खुपसून बसलीयेस आणि आता माझ्यावर गुरगुरतेयस. कसलं नाव नि कसलं काय! तू या घरात यायच्या आधीपासून हा कारखाना चालतोय. कुणाच्या नावावाचून स्वेटर अडला नाही कधी.

सून : तेव्हा पेट्या नव्हत्या. आता आपण स्वेटर थोडे विणतो आणि मशीनच जास्त विकतो. भंगारातून आणलेली विणायची जुनी मशीन. त्यांच्याकडून नक्षी विणून घेणारी ही पडद्याची पेटी लावली नाही तर कोण विचारेल त्यांना? परत भंगारवालाच.

सासू : शिकव, माझाच धंदा मला शिकव.

सून : आणि पेटीतला प्रोग्राम आपला नाही.

सासू : आपला नाही म्हणजे? रोज त्याच्यासमोर कोण बसतं? डोळ्यांखाली काळं कुणाच्या आलंय?

सून : मी त्यात थोडी भर घातली. मूळ काम दुसऱ्यांचं आहे. नक्षी वाचायचा भाग एकानं लिहिला, रंग बदलायचा दुसऱ्यानं. आणि तुटकी सुई आली की सगळी नक्षी आपोआप बाजूला सरकवायचा भाग, ज्याच्या जिवावर आपण मोडकी मशीन विकू शकतो, तो भाग तिनं लिहिला.

सासू : तिनं म्हणजे?

सून : म्हणजे तुमच्या जाऊबाईंच्या मुलीनं. माहीत नसल्यासारखं करू नका. ज्यांची तोंडं आपण कधी पाहिली नाहीत त्यांची नावं जागच्या जागी आहेत. तिचं तेवढं गेलंय. उंदरानं कुरतडलं असतं तर एकच नाव वेचून नसतं कुरतडलं.

सासू : काढलं. मी काढायला लावलं. बोल, काय करशील?

सून : भाऊजींना सांगितलंत?

सासू : पेट्यांत प्रोग्राम भरायचं काम त्याचं, मग सांगणार कुणाला? आणि त्याच्यावर डोळे वटारू नकोस. तो नाहीच म्हणत होता, वहिनीला विचारतो म्हणत होता. म्हटलं, आई मी आहे का वहिनी आहे? मग बसला गुपचूप.

सून : म्हणून कितीतरी दिवस माझी नजर चुकवतायत. अहो, पण का?

सासू : का? मशीन सुरू केली की पडद्यावर तिचं नाव झळकायचं. माझ्या कारखान्यात, माझ्या गिऱ्हाइकासमोर! तिच्या आईनं इथून जाताना काय काय नेलं ते तू पाहिलं नाहीस. कसबी बाया फोडून नेल्या, नक्ष्या नेल्या, आणि वर गावभर सांगितलं की ही बाई कुणाला वर येऊ देत नाही. दारावरच्या पाटीवरून त्यांचं नाव मी या हातानं खरवडून काढलंय, नखं दुखेपर्यंत. आणि ते आता मागच्या दारानं पुन्हा आत? दिवा लावून?

सून : पाटी तुमची होती. खरवडलीत, ठीक. प्रोग्राम तुमचा नाही.

सासू : फुकट मिळालेली वस्तू ना ती? फुकट दिलेल्या वस्तूवर मागून हक्क सांगायचा नसतो. एवढं मला शाळेत न जाताही कळतं.

सून : मागून नाही सांगितला. आधीच सांगितला होता. देतानाच अटी घातल्या होत्या, आणि त्या मी तुम्हाला इथेच, याच स्टुलावर बसून वाचून दाखवल्या होत्या. तुम्ही तेव्हा टाके मोजत होतात.

सासू : टाके मोजताना कुणी काही वाचून दाखवतं का माणसाला?

सून : परत सांगते. वापरा. हवं तसं बदला. वाटा. विका सुद्धा. विकायला कुणाची ना नाही. फक्त ज्यांनी लिहिलं त्यांची नावं पुसायची नाहीत. आणि ज्याला पेटी द्याल त्याला प्रोग्राम कसा लिहिलाय तो मजकूरही द्यायचा. म्हणजे त्यालाही तो उघडून पाहता येईल, बदलता येईल, पुढे देता येईल. ह्याच अटींवर.

सासू : म्हणजे गिऱ्हाइकाला स्वेटर विकायचा आणि वर वीण कशी घातली तेही उसवून दाखवायचं?

सून : हो.

सासू : आणि उद्या त्यानं आपल्याच समोर दुकान थाटलं तर?

सून : थाटू दे. आपण दुसऱ्यांच्याच विणीवर थाटलंय ना?

सासू : जीभ फार चालायला लागलीये तुझी.

सून : आज चालू द्या. तो मजकूरसुद्धा काढलाय पेट्यांतून. आणि वर कुलूप घातलंय, आपल्याशिवाय कुणाला उघडता येऊ नये म्हणून. तेही तुम्हीच?

सासू : मग? दारं सताड उघडी टाकून कोणी धंदा करतं का?

सून : आई, मी रोज त्या लोकांत बसते. कुठल्या कुठे राहणारी माणसं. माझं काही अडलं की विचारते. ओळख ना पाळख, आणि कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून मला उत्तर लिहितं. त्यांनी कधी विचारलं नाही की तुझं दुकान कुठलं, तुझी सासू कोण. आज त्यांच्यासमोर माझं तोंड काळं झालंय. सगळ्यांना कळलंय.

सासू : कळलंय कसं? पेटीला कुलूप होतं ना?

सून : तुमच्यामुळेच कळलं. विणकाम शिकवणाऱ्या केंद्रातल्या बाईंचा फोन आला होता ना तुम्हाला?

सासू : आला होता. त्यांच्याकडच्या बाया जाड लोकर वापरतात म्हणे, प्रोग्राम थोडा बदलून हवा होता. म्हणाल्या, त्याचा मजकूर द्या, आमच्याकडची एक मुलगी बदलेल. मी म्हटलं, तो आमच्या घरचा आहे, घराबाहेर जायचा नाही. काय चुकलं?

सून : आमच्या घरचा आहे! हेच म्हणालात?

सासू : हेच. ठणकावून.

सून : मग त्या बाईंनी स्वतः शोधाशोध केली. मूळ प्रोग्राम सापडला, फुकट, सगळ्यांना उघडा. त्यावर तुमच्या पुतणीचं नाव. त्यांनी तिलाच लिहून विचारलं, की आम्ही घेतलेल्या पेटीत अगदी असंच आहे, मग त्या आजी असं का म्हणाल्या? आज सकाळी पुतणीनं मला कळवलंय. अट मोडली, परवानगी संपली. यापुढे एकही पेटी बाहेर द्यायची नाही.

सासू : आजी म्हणाल्या? त्या बाई मला आजी म्हणाल्या?

सून : आई!

सासू : बरं, बरं. संपली तर संपली. आपण आपलं चालू ठेवायचं. कोण येतंय बघायला?

सून : बाहेर गाडी भरून उभी आहे. केंद्राची राहिलेली सगळी मशीन त्यात आहेत. ती गाडी आज हलली तर ती चोरी. आणि हलली नाही तर केंद्र दिलेलं काम काढून घेणार. आत ज्या बाया बसल्यात त्यांना उद्या कशावर बसवायचं? नुसती लोखंडं पुसायला?

सासू : चोरी? माझ्याच छपराखाली उभी राहून मला चोर म्हणतेस?

सून : मी स्वतःलाही म्हणतेय. पेट्यांवर माझंही नाव आहे.

सासू : त्या पोरीला म्हणावं, हिंमत असेल तर समोर येऊन बोल. लिहून काय पाठवतेस?

सून : येतेय.

सासू : काय?

सून : मीच बोलावलंय. नाक्यापर्यंत आली असेल.

सासू : माझ्या कारखान्यात? मला न विचारता?

सून : तुम्ही नाव काढताना मला विचारलं होतंत?

(दार उघडतं. पुतणी आत येते आणि उंबऱ्यापाशीच थांबते. सासू हातातला लोकरीचा गुंडा खाली ठेवत नाही.)

पुतणी : गाडी उतरवून घ्या, काकू.

सासू : आल्या आल्या हुकूम! कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. अगदी आईवर गेलीये.

पुतणी : तुम्हीही विचारलं नाहीत.

सून : बस ना ताई. पाणी आणते.

पुतणी : नको वहिनी. बसायला आले नाही. काकू, मी फक्त तोंडावर सांगायला आले. माझं लिहिलेलं ज्या पेटीत आहे ती पेटी तुम्ही कुणाला द्यायची नाही. विकायची नाही, तशीही द्यायची नाही.

सासू : पोटात दुखलं ना? काकूचं बरं चाललंय म्हणून?

पुतणी : तुम्ही विकलंत याचा राग असता तर दोन वर्षांपूर्वीच आले असते. तेव्हापासून विकताय, मला माहीत होतं. आनंद झाला होता. विकायची मोकळीक मीच दिली होती.

सासू : मग राग कसला? नावाचा? एवढा हव्यास?

पुतणी : हो, नावाचा. दुसरं काही मागितलंच नव्हतं मी. ना मेहनताना, ना आभार. एक नाव ठेवायचं आणि पुढच्याला दार उघडं ठेवायचं. तुम्ही नाव पुसलंत आणि दाराला कुलूप लावलंत. दोन गोष्टी होत्या, दोन्ही मोडल्यात. तिसरी असती तर तीही मोडली असतीत.

सासू : तोंड सांभाळून बोल! मशीनसमोर कसं बसायचं ते तुला कोणी शिकवलं? तुझ्या आईला दोन रंगांची पट्टी धड घालता येत नव्हती. माझ्या मांडीला मांडी लावून बसायचीस तू. ती खिडकीजवळची मशीन आठवते का? सुया गेल्या म्हणून सगळे टाकून द्या म्हणत होते. नक्षी बाजूला सरकवून त्याच मशीनवर अख्खा स्वेटर काढून कोणी दाखवला होता?

पुतणी : तुम्ही.

सासू : मग? तेच तू त्या डबड्यात घातलंस. मी मागितलं का कधी नाव? मी म्हटलं का की माझ्या नावाचा दिवा लावा?

पुतणी : मागितलं नाहीत. मी लिहिलं होतं.

सासू : काय लिहिलं होतं?

पुतणी : सोडा. आता काय त्याचं?

सून : आई, त्या जागी दोन ओळी होत्या. वर तिचं नाव, तेवढंच पडद्यावर यायचं. खाली, आतल्या मजकुरात, लिहिलं होतं की सुई सरकवायची ही रीत मला माझ्या काकूंनी शिकवली, आणि पुढे तुमचं पूर्ण नाव. भाऊजींनी घाईत दोन्ही ओळी उडवल्या.

सासू : माझं?

सून : तुमचं.

सासू : आणि मला कोणी सांगितलं नाही?

सून : सांगितलं होतं. टाके मोजत होतात.

सासू : थांब. थांब जरा. म्हणजे हिनं माझं नाव जगभर लिहून टाकलं? मला न विचारता? कुणाची परवानगी घेतलीस गं?

पुतणी : कुणाची नाही.

सासू : बघ! बघ सूनबाई! अटी सगळ्या मला, आणि हिला काहीच नाही! मी कुणाचं नाव काढायचं तर गुन्हा, आणि ही खुशाल कुणाचंही नाव कुठेही डकवणार!

पुतणी : बरोबर आहे. विचारायला हवं होतं. नको असेल तर आत्ता, तुमच्यासमोर ती ओळ काढते. नाव तुमचं आहे, काढा म्हणायचा हक्क तुमचा. माझ्या नावावर तो हक्क तुमचा नाही, एवढंच सांगतेय मघापासून.

सासू : मी काढ म्हटलं का?

पुतणी : मग?

सासू : मग काही नाही. राहू दे. एवढी वर्षं राहिलंय तर आता काय त्याला. विचारायची रीत असते, एवढंच म्हटलं.

सून : ताई, खरं सांग. हे निस्तरता येईल का?

पुतणी : नावं परत घाला. कुलूप काढा. प्रत्येक पेटीसोबत मजकूर द्या, वहिनी, तू घातलेल्या भरीसकट.

सासू : तिची भर कशाला? ती तर आमची आहे ना?

सून : दुसऱ्याच्या विणीत घातलेले टाके आहेत, आई. ते सुटे करून वेगळे ठेवता येत नाहीत. द्यायचं तर सगळं एकत्रच.

सासू : म्हणजे तिनं रात्रंदिवस डोळे फोडून लिहिलं ते उद्या कुणीही घेणार? हिची आईसुद्धा?

पुतणी : आईसुद्धा.

सासू : तिच्या कारखान्यात? माझ्या सुनेची मेहनत? अगं, तिला मी चिमूटभर मीठ द्यायची नाही, आणि तू म्हणतेस हे द्या! असल्या अटी लिहिणाऱ्याच्या घरी जाऊबाई नसावी.

पुतणी : तिला तशी मिळणार नाही ती. तिलाही अटी ह्याच. वहिनीचं नाव ठेवावं लागेल.

सासू : कुठे?

पुतणी : पडद्यावर. मशीन सुरू केली की येईल.

सासू : रोज?

पुतणी : रोज. प्रत्येक मशीनवर.

सासू : आणि तिला ते काढता येणार नाही?

पुतणी : नाही. काढलं तर मी तिच्याही दारात अशीच उभी राहीन.

सासू : आईच्या?

पुतणी : आईच्या.

सासू : हं. ही अट तेवढी बरी काढलीये.

सून : आई, हसताय तुम्ही?

सासू : हसतेय कुठे? लोकर नाकात गेली.

पुतणी : अजून एक आहे. ज्यांना आधीच पेट्या गेल्यात त्यांना कळवायचं. काय गाळलं होतं, काय दिलं नव्हतं, ते सगळं. आणि ते तुम्ही कळवायचं, काकू.

सासू : सूनबाई पाठवेल लिहून.

पुतणी : सूनबाई नाही, तुम्ही. फोन करून.

सासू : हे आहे का गं अटींत? खरं सांग.

सून : अटींत नाही. अटींप्रमाणे नावं घातली नि मजकूर दिला की भागतं.

सासू : मग कुठून आणलंस हे? आपल्या मनानंच?

पुतणी : आपल्या मनानं. अट मोडली की परवानगी जाते. ती परत द्यायची की नाही हे ज्याचं लिहिलेलं त्याच्या मर्जीवर. ही माझी मर्जी. तुम्ही त्या केंद्रातल्या बाईंना सांगितलंत, हा आमच्या घरचा आहे. त्यांनी मला ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. सात वर्षं मी त्या घरची नाही हे मी ऐकून घेतलंय. पाटीवरून खरवडलंत तेव्हा मी समोरच्या फुटपाथवर उभी होते, दप्तर घेऊन. तेव्हा मला काही बोलता आलं नाही, कारण पाटी तुमचीच होती. हे माझं आहे. इथे मी बोलणार.

सासू : फुटपाथवर होतीस?

पुतणी : होते.

सासू : घरी का नाही गेलीस?

पुतणी : हेच घर होतं ना तोवर.

सून : आई, गाडीवाला हाका मारतोय. उतरवू म्हणतोय की निघू?

सासू : थांब म्हणावं त्याला! एक घटकाभर उभं राहिलं तर चाकं झिजणार आहेत का त्याची? आणि धाकट्याला बोलाव आधी. कोपऱ्यात लपून बसला असेल. त्या गाडीतल्या पेट्या उतरवून घे म्हणावं, आणि जे काढलंय ते सगळं हातासरशी परत घाल म्हणावं. दोन्ही ओळी. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मला तोंड दाखवू नकोस म्हणावं.

सून : आणि फोन?

सासू : तुझ्या आईनंच पाठवलंय ना तुला? काकूचं नाक घासायला?

पुतणी : आईला माहीत नाही मी इथे आलेय ते. तिला कळलं असतं तर तिनं गाडी कायमची उतरवायला लावली असती. मी आलेय ती गाडी जावी म्हणून. तुम्हाला तेवढंही दिसत नसेल तर राहू द्या.

सासू : दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. जीभच जरा जास्त शाबूत आहे.

पुतणी : फोन, काकू.

सासू : करते गं बाई, करते! पण मी माफी मागणार नाही. सांगायचं आहे तेवढं सांगेन. कुणी उलटून काही विचारलं तर सूनबाई बोलेल. आणि तू बस आधी. कुणी असं डोक्यावर उभं राहिलं की मला बोलायला सुचत नाही. तिथे नको, तो स्टूल डगमगतो. इकडे बस.

सून : लावला फोन. घ्या. केंद्रातल्या बाईच आहेत.

सासू : हॅलो. हो, मीच. आजी. हो, आजीच बोलतेय. गाडी निघतेय, जरा उशीर होईल. नाही, बिघाड नाही. ऐका. तुम्हाला आधी दिलेल्या पेटीत एक नाव गाळलेलं आहे. ते परत घालून देतोय. आणि तुम्ही मागत होतात तो मजकूरही पाठवतोय, पूर्ण. तुमच्या त्या मुलीला म्हणावं, बदल हवा तसा. कोणी गाळलं ते विचारू नका, नाव लिहून घ्या. आहे का पेन? मी सांगितलं होतं, आमच्या घरचा आहे. हो, सांगितलं होतं, तसं तर खोटं नव्हतं. हिनं लिहिलाय तो. पुतणी माझी. नाही हो, परगावी कशाला असेल, इथेच, समोर बसलीये. माझ्याशी बोलत नाही, एवढंच.